मीच आणतो

फोन आला तेव्हा हंबीरराव पाटणच्या पुढं वळणाच्या रस्त्याला लागले होते. लेक क्रांती कोयनानगरला दिलेली, पोटुशी. बायको मंगल तिच्याकडं राहायला गेली होती. सकाळी मंगलच्या छातीत कळ आल्याचा निरोप आला आणि हे विट्याहून तसेच निघाले. एसी लावला की मंगलचे गुडघे धरायचे, म्हणून तो बंद ठेवायची सवय. बंद असला की गाडी पुढून किंचाळायची. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, आणि त्या किंचाळण्यात जावई विश्वजीतचा आवाज आला, "मामा, सावकाश या. आता घाई करू नका."

मंगल गेली हे त्यांना असं कळलं.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं तशी माणसं चुळबुळायला लागली. मेहुणा कोंडीबा कानाशी लागला, "दाजी, पोरीच्या बाळंतपणात जीव आडकलाय तिचा. बोला कायतरी."

"मीच आणतो पोरीला. ह्याच गाडीनं," हंबीरराव बोलून गेले. कावळा लगेच शिवला.

आता क्रांतीचा सातवा सरत आला होता. आठव्यात बाईला हलवत नाहीत. विश्वजीत म्हणाला, "मामा, मी आणून सोडतो की." पण शब्द दिला होता, आणि त्यात 'मीच' होतं.

हंबीररावांनी फौजेत ट्रक हाकलेले. भुताखेतांना ते हसायचे. पण फोन आला त्या दिवसापासून ते भर थंडीत कानाला मफलर बांधून एसी लावून गाडी चालवत होते. एसी चालू असला की गाडी गप. शेजारच्या शालूबाई एकदा गाडीत बसल्या, कुडकुडल्या आणि एसी बंद करायला लावला. आवाज सुरू झाला तशा म्हणाल्या, "आवं, मंगल रडतीया ही!" हंबीररावांनी पुन्हा एसी लावला.

शेवटी ते कऱ्हाडला जोतीरामच्या गॅरेजात गेले.

"एसी बंद केला की वरडती. लावला की गप बसती," त्यांनी सांगितलं.

"माज्या बायकोचं उलटं हाय," जोतीराम म्हणाला, आणि हंबीररावांचा चेहरा बघून जीभ चावली. त्यानं बॉनेट उघडलं. "आवं, कॉम्प्रेसरच्या क्लचचं बेरिंग गेलंय. एसी बंद आसला की नुसती पुली फिरती बेरिंगवर, तवा वाजतंय. लावला की सगळं एकजीव फिरतं, म्हणून आवाज न्हाई."

"म्हंजी दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय आसणार? पर आसंच घेऊन फिरला आसता आन् हे बेरिंग जाम झालं आसतं, तर बेल्ट तुटला आसता. त्याच बेल्टवर तुमचं स्टेअरिंग हाय. घाटात वळणावर दगडागत जड झालं आसतं."

एक भीती गेली आणि दुसरी येऊन बसली.

जोतीरामनं बेल्ट उतरवला, पुढची प्लेट काढली, पुलरनं पुली ओढली. एसीचा गॅस काढावा लागला नाही. जुनं बेरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलं आणि हंबीररावांच्या हातात दिलं. त्यांनी बोटानं फिरवलं. आत वाळू भरल्यागत खरखरलं. ग्रीस जळून काळं झालं होतं. नवं बेरिंग बसलं. प्लेटीची फट जोतीरामनं दोनदा तपासली.

"चालू करा गाडी. एसी बंद ठेवा."

गाडी चालू झाली. काहीच आवाज नाही.

"जावा आता बिनघोर. लेकीला घिऊन या."

हंबीरराव पाटणच्या रस्त्याला लागले. एसी बंद, काच खाली. जुनं बेरिंग बाजूच्या सीटवर. फोन आला होता ती जागा दुरून दिसली आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी गप होती, तरी कानात तेच चालू होतं, सावकाश या, घाई करू नका. ब्रेकवरचा पाय उचलेना, वळण घेता येईना. इतके दिवस न जायला आवाजाचं निमित्त होतं. आता तेही नव्हतं.

क्रांतीचा फोन आला. "आण्णा, कुठवर आलाय? बॅग भरून बसलीया मी."

"गाडीचं काम निघालंय, बाळा," ते म्हणाले. "उद्या येतो."

त्यांनी गाडी वळवली. गाडी दुरुस्त झाली आहे. क्रांतीला आणायचं राहिलं आहे.