पुसलेली काच

श्यामसुंदर पेंडशांना आपल्या हाताचा भारी अभिमान. रबाळ्याच्या कारखान्यात रेडिओचे ट्रान्समीटर दुरुस्त करण्यात बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर खारघरच्या फ्लॅटची बाल्कनी बंद करून त्यांनी वर्कशॉप थाटलं. तिथे कपडे वाळत घालण्याचा नाद त्यांच्या बायकोने, वैजयंतीने, केव्हाच सोडला होता.

परवा त्या बाल्कनीत नावड्याचे हसनभाई आले. कारखान्याच्या बसवरचे जुने ड्रायव्हर. त्यांनी खिशातून कापसात गुंडाळलेला, जुन्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह काढला. बोटाएवढा काचेचा दिवा, खाली काळं बूड, त्यातून निघालेले पितळी पाय. त्यांचे वडील महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वायरलेसवर होते, तिथून आणलेली ही एकच वस्तू. हसनभाई दीड वर्षांचे असताना ते गेले. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. थोरली बहीण इशरत आता ऐंशीच्या पुढे गेलेली. तिच्या डोळ्यांदेखत हा एकदा पेटावा, एवढीच हसनभाईंची इच्छा होती.

श्यामसुंदरांनी दोन दिवस मागून घेतले.

काचेवर काजळीचं पुट होतं. व्हॉल्व्हमधली निर्वात पोकळी शाबूत आहे का, हे टोकाशी आतून असलेल्या चंदेरी डागावरून कळतं. डाग चकाकला तर ठीक, पांढराफटक पडला तर हवा शिरली, खेळ खलास. तो डाग बघायला त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला. आता बघा, काचेला स्पिरिट लावायचं नाही, वरचे नंबर निघून जातात, असा दम रबाळ्यात प्रत्येक नवशिक्याला याच माणसाने भरलेला. पण इथला लष्करी शिक्का आधीच उडाला होता. काजळीखाली काही तपकिरी रेघोट्या दिसल्या, त्या त्यांना कुठल्या तरी जुन्या डब्याच्या गंजाच्या वाटल्या. बोळा दोनदा फिरला. डाग लख्ख चकाकला. आतली जाळी, अभ्रकाच्या चकत्या, केसासारखी तार, सगळं जागच्या जागी. हळूहळू वीज दिली तशी तार नारिंगी झाली आणि श्यामसुंदर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दुसऱ्या दिवशी भाऊबहीण दोघं आली. पेटलेली तार बघून इशरतबाईंनी ओढणी डोळ्यांना लावली. थंड झाल्यावर व्हॉल्व्ह हातात घेतला आणि त्या तो फिरवून फिरवून बघत राहिल्या.

"नाव कुठं गेला?" त्या म्हणाल्या.

मग हसनभाईंनी सांगितलं. अब्बांनी काचेवर शाईने उर्दूत अम्मीचं नाव लिहिलं होतं. त्यांचं अक्षर म्हणून घरात तेवढंच होतं. श्यामभाऊंना ते दिसलंच असणार, वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं.

तपकिरी झालेला बोळा अजून टेबलावरच होता. श्यामसुंदरांनी पक्कड त्याच्यावर सरकवली. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बत्तीस वर्षांचा मान आडवा आला.

"गरम होतो ना व्हॉल्व्ह," ते म्हणाले. "त्या उष्णतेनं उडालं असेल."



"म्हनजे मीच घालवला," हसनभाई बहिणीला म्हणाले. "तू पेटवू नको म्हनत होतीस. मलाच हौस."

इशरतबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि व्हॉल्व्ह पुन्हा कापसात गुंडाळला.

निघताना हसनभाईंनी श्यामसुंदरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमच्या हाताला तोड नाय, श्यामभाऊ," ते म्हणाले. त्या हाताला अजून स्पिरिटचा वास येत असल्यासारखं वाटलं. श्यामसुंदरांनी मान हलवली आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले.