गेटात अडणारी गाडी

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गेटापाशी जत्राच भरायची. नारळ, अगरबत्त्या, उगारलेले मोबाइल. जान्हवीची जुनी, चारही चाकांना जोर पुरवणारी गाडी वळणावर आली की थरथरायची, कुरकुरायची आणि बंद पडायची. बायका हात जोडून पुटपुटायच्या, "आला."

आला म्हणजे नितेश. जान्हवीचा नवरा, फेब्रुवारीत हृदयविकाराने गेलेला. ही त्याचीच गाडी. सकाळी मुकाट बाहेर पडायची, जान्हवीला ट्रॉम्बेच्या ऑफिसात सोडायची आणि संध्याकाळी तिला घेऊन गेटातून आत शिरायला तेवढी नकार द्यायची. एरवी जान्हवी गाडी बाहेर रस्त्यावरच ठेवायची. गुरुवारी मात्र घाटकोपरचे चंद्रप्रकाश महाराज यायचे. "स्टेअरिंगला आत्मा लटकलाय. त्याला ही बाई घरात नको," असं त्यांचं निदान. मग तासभर मंत्र, लिंबू, धूर. त्यानंतर त्यांचा शिष्य दादू बसला की गाडी सुरळीत आत. नितेशचं परक्या दादूशी जमायचं, बायकोशी नाही. आत्म्यांची तऱ्हाच न्यारी!

हसू आलं असतं, पण महाराजांनी आता फर्मावलं होतं की सुनेने अमावस्येआधी माहेरी जावं आणि चार वर्षांच्या प्रांजलला इथेच ठेवावं. सासूने, सुलक्षणाकाकींनी, बॅगही भरली होती.

मी शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवते. बुधवारी जान्हवी माझ्याकडे आली तेव्हा तिचं रडूनही संपलं होतं.

"किरण, ते माझी पोर काढून घेतायत गं. मी काय वाईट केलं नितेशचं?"

मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, नुसता संताप आला होता. मी डॉक्टरसारखं विचारत सुटले, कधी दुखतं, कुठे दुखतं. ऑफिसचं गेट रुंद होतं, आमचं अरुंद, चाक पूर्ण वळवावं लागे. सकाळी गाडी थंड असायची, संध्याकाळी हायवेवरून तापून यायची. एवढं सांगून जान्हवी एकदम थांबली.

"तासभर पूजा चालते ना? तेवढ्यात ती थंड होते गं."

गुरुवारी गाडी नेहमीप्रमाणे अडली. मी महाराजांना म्हटलं, आज मंत्र पाच मिनिटांत उरका, देवाला घड्याळ कशाला हवं? आत्मा असा घाईत जात नसतो, असं काहीबाही ते बोलू लागले. तेव्हा सासरे जयवंतकाका, जुने गिरणी कामगार, एवढंच म्हणाले, "शक्ती आसा ना? मग करा." पाच मिनिटांनी दादू बसला. गाडी थरथरली आणि मेली.

मग मी सगळ्यांना नुसतं थांबायला सांगितलं. ना दिवा, ना लिंबू. प्रांजल आजीच्या कडेवर झोपून गेली. माझं चुकलं असतं तर ती पोर तिथेच राहिली असती.

तासाभराने जान्हवीने चावी फिरवली. चाक पूर्ण वळवलं. गाडी आवाज न करता आत गेली.

मग शिवणाच्या टेपने मी चारही टायरांचा घेर मोजला. तीन झिजलेले होते. नितेश गेल्यावर खड्ड्यात फुटला म्हणून बदललेला चौथा कोरा आणि मोठा होता. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने सगळं उलगडलं. अशा गाडीला चारही टायर सारखे लागतात. नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या डब्यातलं तेल सतत घुसळून तापतं, डबा घट्ट धरतो आणि अरुंद वळणावर चाकं एकमेकांना ओढत बसतात. गाडी निवली की डबा सैल होतो. तासभर थांबलं की गाडी चालते, हे महाराजांच्या पहिल्याच गुरुवारी ध्यानात आलं होतं, असं दादूने नंतर कबूल केलं. पूजा कधी आखूड झाली नाही ती म्हणूनच.

पण त्या संध्याकाळी महाराज सटकले, गर्दी पांगली आणि काकी बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझो झील गाडयेत नव्हतोच?"

कुणी हसलं नाही. दर गुरुवारी ती बाई मुलाला भेटायला खाली उतरत होती.

जान्हवीने त्यांचा हात धरला. "नव्हता, आई. तो असता तर त्याने मला दारात अडवलं असतं?"

काकी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. वर जाऊन बॅग त्यांनीच रिकामी केली.

माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच त्याचा धंदा करणारे टपलेले असतात. गाडी अडली तर चाकं तपासा, सुनेचा पायगुण नको.