पलीकडचा सुभेदार

खंडोजीरावांनी नागरत्नावहिनींच्या दाराची कडी वाजवली. काय बोलायचं ते त्यांनी म्हैसूरच्या अग्रहार भागातून चालत येताना चार वेळा पुटपुटून पाहिलं होतं. दार उघडलं तेव्हा वहिनी निळी साडी नेसून, चपला घालून तयार होत्या.

"वहिनी, आज नका येऊ. लढाईचं चित्र ते. बाँब, रक्त. तुमचं बीपी वाढेल सुम्मने, उगाच."

"सकाळीच गोळी घेतली मी." वहिनींनी कुलूप हातात घेतलं. "वनजाचा फोन आलेला काल. पुढच्या रांगेत जागा ठेवते म्हणाली. तुमी दिसणार म्हणे पडद्यावर."

"मी काय, रोजच दिसतो."

"अय्यो, चला भावजी. ऑटो थांबलाय."

ऑटोत ते पुढे कुठे गर्दी दिसते का ते बघत राहिले. बन्नीमंटपाच्या सभागृहाकडे जाणारा रस्ता आज कुठेच अडला नव्हता.

वनजा बंगळूरची. माहितीपट करायची. दोन वर्षांपूर्वी ती कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी आली होती. एकाहत्तरच्या लढाईतला पंजाब सरहद्दीवरचा एक कालवा आणि तिथले चार दिवस, एवढाच तिचा विषय होता. खंडोजीरावांनी छातीवर पदकं लावून तिला तेच सांगितलं, जे ते चाळीस वर्षं सांगत आले होते. संध्याकाळी हल्ला झाला. मागे हटण्याचा हुकूम आला. त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्याच खंदकातला वेंकोजीराव, वहिनींचा नवरा, डोक्यात गोळी लागून पडला. "जागच्या जागी गेला," ते म्हणाले होते. "त्रास झाला नाही."

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"सर, आम्ही दोन्ही बाजू घेतल्यात. तुमच्या समोर कालव्यापलीकडे जे होते, त्यांतले एक सुभेदार सापडले. त्यांना वेंकोजीराव आठवतात."

जागच्या जागी मेलेला माणूस पलीकडच्याला कसा आठवेल, हे त्या पोरीच्या अजून लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल. गोळी डोक्यात लागलीच नव्हती. ती मांडीत लागली होती. वेंकोजी शुद्धीवर होता. "माणसं घेऊन येतो," असं त्याला सांगून खंडोजीराव उसातून सरपटत मागे आले होते. मागे आल्यावर कुणी विचारलं, तेव्हा तोंडातून "गेला" निघून गेलं. एकदा निघालेला शब्द परत घेता आला नाही.

सभागृह लहान होतं, साठेक खुर्च्यांचं. अकरा वाजता दिवे मालवले. वहिनींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

नकाशे आले, जुनी छायाचित्रं आली. मग पदकं लावलेले खंडोजीराव स्वतः पडद्यावर आले आणि म्हणाले, "जागच्या जागी गेला." वहिनींनी पदर तोंडाशी नेला. खंडोजीरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

दृश्य बदललं. एका अंगणात बाजेवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता. तो पंजाबीत बोलत होता, खाली कन्नड अक्षरं उमटत होती. वहिनी ती सावकाश, ओठ हलवत वाचत होत्या. पंधरा वर्षं फौजेत काढलेल्या खंडोजीरावांना वाचायची गरज नव्हती. प्रत्येक वाक्य त्यांच्यापर्यंत वहिनींच्या आधी पोचत होतं, आणि मग ते वहिनींपर्यंत पोचेस्तोवर वाट पाहावी लागत होती.

'सकाळी आम्ही त्यांच्या खंदकात उतरलो. एक जण जिवंत होता. म्हणाला, मैसूरचा आहे, नाव वेंकोजी.'

वहिनींचे ओठ थांबले.

'मी विचारलं, किती जण होता इथे? म्हणाला, एकटाच. पण खंदकात चहाचे मग दोन होते. मी पुढे विचारलं नाही.'

खंडोजीरावांना स्वतःचा मग आठवला. कानाशी टवका उडालेला.

'त्याला पाणी पाजलं. औषध आमच्याकडेही नव्हतं. हल्ल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. बांधाच्या कडेला मी स्वतः माती दिली. चांगला माणूस होता. सारखा मागे उसाकडे बघायचा.'

चित्र आणखी अर्धा तास चाललं. खंडोजीरावांना त्यातलं काही दिसलं नाही. दिवे लागले, टाळ्या वाजल्या, लोक उठले. वहिनी बसून राहिल्या. शेजारी खंडोजीरावही बसून राहिले.

"तिसऱ्या दिवसापर्यंत होते ते?" वहिनी पडद्याकडेच बघत म्हणाल्या.

"मला ठाऊक नव्हतं, वहिनी."

"तुमी निघालात तेव्हा?"

"बोलत होता."

"काय बोलत होते?"

"लवकर ये म्हणाला."

वहिनींनी चष्मा काढला. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरला. "चतुर्थी, पंचमी, षष्ठी," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा मोजलं. "मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. तुमी सांगितलेली तिथी. चाळीस वर्षं मी श्राद्ध त्या दिवशी घातलं, आणि तुमी हर वर्षी पानावर बसून जेवलात."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं खंडोजीरावांना वाटलं.

वनजा जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. "अम्मा, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं…"

"त्या सुभेदारांचं नाव काय, पोरी?"

"फज़ल करीम."

"कागदावर लिहून दे. कन्नडात लिही. पाणी दिलंय त्यांनी."

वनजाने लिहून दिलं. "ते गेले, अम्मा. चित्र पुरं व्हायच्या आधीच."

"कधी?"

"नक्की तारीख माहीत नाही."

"त्यांच्या घरी विचार. मला सांग."

कागदाची घडी करून त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि बाहेर आल्या. खंडोजीराव चार पावलं मागे होते. ऑटोत बसून वहिनींनी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. खंडोजीराव बाहेरच दांडा धरून उभे राहिले.

"वहिनी…"

"यंदा षष्ठीला घालणार," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "बाराच्या आत पानं मांडीन."

मग त्यांनी ऑटोवाल्याला कन्नडात निघायला सांगितलं. दांडा खंडोजीरावांच्या हातातून सुटला.

थोड्या वेळाने दुसरा ऑटो त्यांच्यापुढे थांबला. "कुठं जायचं, अज्जा?"

त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ऊन डोक्यावर आलं होतं. ते अग्रहाराच्या दिशेने चालू लागले. त्या पानांत आपलं पान असेल की नाही, ते वहिनी बोलल्या नव्हत्या. ती षष्ठी कोणत्या वारी येते, हे घरच्या पंचांगात बघायचं होतं, आणि बघायची भीती वाटत होती.