आयनोची पाळी

मंगळवारी सकाळी सात वाजता आयनोच्या फोनवर बेव्हचा शब्द आला: ‘संध्याकाळी’. त्याआधी हार्लनने ‘काल’ टाकला होता. आता पाळी आयनोची होती, आणि आयनो अमेरिकेतल्या डुलुथ शहरात हॉस्पिटलात उताणा पडला होता. रविवारी त्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात हलत नव्हता. बोलायला तोंड उघडलं की भलताच शब्द बाहेर पडत होता.

फोन त्याच्या बायकोच्या, लॉरीनच्या, पर्समध्ये होता. तिने तो बंद करायला हातात घेतला, तोच हार्लनचा निरोप आला: ‘म्हाताऱ्या, मेलास की काय?’

उशीर झाला की हार्लन नेहमीच असं लिहायचा. त्या सकाळी मात्र लॉरीनला ते वाचवेना. तिने घाईघाईने एक शब्द टाकला: ‘सुंदर’.

हार्लन, बेव्ह आणि आयनो यांनी शहराच्या बस चालवण्यात हयात घालवली होती. डेपोत कॉफीच्या यंत्राशेजारी एक फळा होता. बस बाहेर काढण्याआधी जो तो त्यावर एक शब्द लिहून जायचा; मागचा येऊन पुढचा शब्द जोडायचा. ज्याच्या शब्दावर वाक्य पुरं होईल तो हरला. त्याने सगळ्यांसाठी फिनलंडवाल्यांच्या बेकरीतला वेलचीचा पाव आणायचा. म्हणून वाक्य लांबवायचं, वाकडं करायचं, पण संपू द्यायचं नाही. आयनो यात पटाईत होता. सरळ चाललेल्या वाक्यात तो असा काही बोकड नाहीतर पिंप आणून उभं करायचा, की पुढचा माणूस डोकं खाजवत बस घेऊन निघायचा.

निवृत्तीनंतर हार्लन उन्हासाठी लेकीकडे ॲरिझोनात गेला. बेव्ह पुलापलीकडे, सुपीरियर गावात राहिली. फळा फोनवर आला. कुणाची पाळी ओलांडायची नाही, हा नियम मात्र तोच राहिला.

लॉरीनला या खेळात कधी गोडी वाटली नव्हती. “केस पिकले तरी तुमच्या रेघोट्या संपत नाहीत,” ती म्हणायची. आता रोज सकाळी, आधी हॉस्पिटलात आणि पुढे घरी नवऱ्याची लापशी शिजेपर्यंत, ती त्याचा शब्द शोधत बसू लागली.

झटक्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला कारण ऑरिन होता. तोही त्याच डेपोतला. त्याला असाच झटका आला तेव्हा अख्खा डेपो त्याच्याकडे लोटला. लोक डबे घेऊन आले, बहिऱ्याशी बोलावं तसे मोठमोठ्याने बोलले. ऑरिन रडायचा. हळूहळू माणसं कमी झाली. शेवटी एकटा आयनो उरला. तो दर गुरुवारी त्याची दाढी करायला जायचा. असाच एकदा तिकडून आल्यावर हात धुताना तो म्हणाला होता, “मला असं काही झालं तर कुणाला सांगू नकोस, लॉरीन. लोक एकदा बघायला येतात. मग यायचेच थांबतात.”

आयनो घरी आला. वाचा शिकवणारी बाई चित्रांचे पत्ते घेऊन येऊ लागली. तिने कप दाखवला की आयनो म्हणायचा, “खिळा.” शब्द चुकला हे त्याला तत्क्षणी कळायचं. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटून तो भिंतीकडे तोंड करायचा. पुढे पुढे त्याने बोलणंच टाकलं.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, बेव्ह दारात उभी राहिली. बुटांवर बर्फ, हातात जंगली तांदळाच्या सुपाचं पातेलं.

“फोन का उचलत नाही तो?”

“झोपलाय.”

“तीन आठवडे?”

लॉरीनने दार अर्धंच उघडं ठेवलं.

“अगं, ‘सुंदर’ वाचलं तेव्हाच मला शंका आली. मग ‘शांत’. मग ‘प्रेमळ’! म्हटलं, असेल त्याची काही लबाडी. पण या माणसाने तुमच्या लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा फळ्यावर ‘बोकड’ लिहिला होता. खरं सांग. काय झालंय?”

लॉरीनने सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत.

“आणि मला कळवावंसं नाही वाटलं तुला?”

“ऑरिनकडे शेवटची कधी गेली होतीस, बेव्ह?”

बेव्हने पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “मागच्या ईस्टरला.”

“म्हणून नाही कळवलं.”

बेव्हने सबब सांगितली नाही. म्हणाली, “कसा आहेस विचारलं की तो रडायचा. पुढे काय बोलायचं सुचायचं नाही. खोटं कशाला बोलू, त्याला बघून मला माझीच भीती वाटायची.”

आतून धप्प आवाज झाला. मग पुन्हा. आयनोची मूठ. त्याने बेव्हचा आवाज ओळखला होता.

“ये आत,” लॉरीन म्हणाली.

आयनो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती. बेव्ह समोर गेली आणि मोठ्याने म्हणाली, “कसा आहेस, आयनो?”

त्याचे डोळे भरायला लागले. लॉरीनला वाटलं, झालं. ऑरिनचं घर आता आपल्या घरात शिरलं.

बेव्हलाही ते दिसलं असावं. तिने पातेलं जमिनीवरच ठेवलं, कोटातून फोन काढला, चष्मा चढवला.

“बरं, ते राहू दे. पाळी तुझी आहे,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “ऐक. ‘आमच्या जुन्या सात नंबरच्या बसमध्ये मागच्या सीटवर एक’. एक काय? बोल लवकर. हार्लन तिकडे उन्हात वाळत बसलाय.”

“त्याला छळू नकोस गं,” लॉरीन पुढे झाली. “मी टाकते. ‘मुलगी’ टाकणार होते मी.”

“मुलगी!” बेव्ह म्हणाली. “तू सूप गरम कर, बाई.”

आयनोचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या.

“शिडी,” तो म्हणाला.

मूठ आपटली. त्याने जोराने मान हलवली, डोळे मिटले, पुन्हा जोर लावला. “शिडी.”

“त्याला दुसरंच काही म्हणायचंय...”

“असेल. मला शिडी चालते.” बेव्हने टाइप केलं आणि पाठवून दिलं.

आयनोने डोळे उघडले.

मिनिटभरात फोन वाजला. बेव्हने वाचून दाखवलं: “‘आला! आमचा सैतान परत आला! तीन आठवडे पाद्र्याच्या बायकोसारखा खेळत होतास. मला वाटलं, देवाधर्माला लागलास.’ आणि शब्द टाकलाय त्याने. ‘गुपचूप’.”

आयनोने बोट वर करून खूण केली: पुन्हा. बेव्हने पुन्हा वाचलं. ‘पाद्र्याच्या बायकोसारखा’ ऐकताच त्याने डावा हात उचलून लॉरीनकडे बोट दाखवलं, आणि तो हसला. चेहरा एकाच बाजूने हसला. आवाज मात्र जुनाच होता, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. लॉरीन सुपाचं पातेलं उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

आता पाळी बेव्हची होती. तिने बराच विचार केला. आयनोवर वाक्य संपू नये, एवढीच तिची खटपट चालली होती. शेवटी तिने लिहिलं: ‘मोजे’.

“घे. ‘एक शिडी गुपचूप मोजे’. आता तू बघ काय ते.”

आयनो फोनकडे बघत राहिला. शब्द येईना. बेव्हने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. सूप झालं, कॉफी झाली. मधेच लॉरीनने नवऱ्याला विचारलं, “हार्लनला सांगू या?” त्याने डावा तळवा फोनवर पालथा ठेवला.

“बरं,” लॉरीन म्हणाली. “नाही सांगत.”

निघताना बेव्ह दारात घुटमळली. “ऑरिनची दाढी आता कोण करतं?”

“मला ठाऊक नाही.”

बेव्हने हातमोजे चढवले. “वस्तरा आयनो इथून न्यायचा, की तिथलाच?”

“इथला. न्हाणीघरात, आरशामागे.”

पुढच्या शुक्रवारी सकाळी वाक्य तिथेच आहे: ‘आमच्या जुन्या सात नंबरच्या बसमध्ये मागच्या सीटवर एक शिडी गुपचूप मोजे’. आयनो रोज फोन मांडीवर घेऊन बसतो. दोनदा काहीतरी म्हणाला. लॉरीनला ते नीट उमगलं नाही, आणि तिने आपल्या मनचा शब्द घातला नाही. आरशामागचा वस्तरा बेव्हकडे आहे. काल गुरुवार होता. ती ऑरिनकडे गेली की नाही, ते लॉरीनला अजून कळलेलं नाही.

हार्लनला तिने काही सांगितलेलं नाही. बेव्हने सांगितलं असेल तर तिला माहीत नाही. पण सहा दिवस झाले, पाळी आयनोकडे अडली आहे, आणि ‘मेलास की काय’ असं हार्लनने एकदाही विचारलेलं नाही.