टाकीचं झाकण

"काका, झाकण उघडा ना. लोक उभे आहेत."

देवरामनं झाकणावरचा हात काढला नाही.

लोक उभे होते हे खरं. इंग्लंडात, ब्रॅकनेलमधल्या त्याच्या घराच्या मागच्या अंगणात एरवी दोन खुर्च्या मावायच्या. त्या शनिवारी दुपारी तिथं पस्तीस-चाळीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. झब्बे, पैठण्या, प्रत्येकाच्या हातात फोन. मराठी मंडळाचा सेक्रेटरी यशोधन अडीच फुटांचा गणपती छातीशी धरून पुढं आला होता, एकटाच. देवराम त्याच्या हातांकडं बघत होता.

"मूर्ती शाडूची आहे ना?"

"फोनवर सांगितलं ना, काका. हंड्रेड पर्सेंट."

देवराम बस डेपोत मेकॅनिक. अठ्ठावीस वर्षं बसखाली उताणा पडून त्यानं हे घर घेतलेलं. टाकीही डेपोतलीच, हजार लिटरची, लोखंडी पिंजऱ्यातली. गाड्यांचा धूर कमी करायला घालतात ते युरियाचं पाणी तिच्यातून यायचं. डेपो ती फेकून देणार होता. यानं घरी आणली, अकरा वेळा धुतली, वरचा भाग करवतीनं कापून बिजागरीचं लाकडी झाकण बसवलं आणि छपराच्या पन्हळीचा पाइप तिच्यात सोडला. त्या पाण्यावर अळू, मेथी, मुळा, चवळी.

यंदाच्या उन्हाळ्यात आभाळानं तोंड फिरवलं. होजपाइपवर, म्हणजे नळाला नळी लावून पाणी घालण्यावर, बंदी आली. जुलैत टाकी तळाला गेली, मेथी उभी जळाली, आणि अळू तेवढा भांडी विसळलेल्या पाण्यावर कसाबसा तगला. ऑगस्ट संपता संपता पाऊस आला. टाकी काठापर्यंत भरली, तेव्हा देवराम वर्कशॉपचे कपडे न बदलता तिच्याशेजारी बराच वेळ उभा होता.

मंडळाचं विसर्जन दरवर्षी हॉलच्या कार पार्कमध्ये व्हायचं, लहान मुलांचा पॅडलिंग पूल फुगवून. बंदीत पूल भरायलाही मनाई. मग कमिटीत कुणाला तरी सुचलं, ते बसवाले काका आहेत ना, त्यांच्याकडं मोठी टाकी आहे. रेनवॉटर. एकदम प्युअर.

मंडळात जाऊन बावीस वर्षं झाली, पण तिथलं एक माणूस कधी या घरात आलं नव्हतं. त्याच्या बायकोला, यमुनाला बोलवायचे ते पुऱ्या लाटायला. सकाळी आठपासून ही हॉलच्या किचनमध्ये, आणि आरती सुरू झाली की पिठाचे हात घेऊन दाराशी. मंडळाच्या एकाही फोटोत ती नाही. फोटोतल्या ताटांत तिच्या पुऱ्या आहेत.

यशोधनचा फोन आला त्या दिवशी तिनं सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले.

"टाकीत नको," देवराम म्हणाला होता.

"अहो, एक वर्ष. माझ्या दारात येताहेत हो."

एवढंच म्हणाली. तो हरला. अट एकच घातली, मूर्ती शाडूची हवी. माती खाली बसते, मातीत जाते. बाकी काही या पाण्यात जाता कामा नये, कारण हे पाणी शेवटी ताटात येतं.

"द्या इकडं," देवराम आता म्हणाला.

"अहो काका, मी सोडतो ना."

"द्या तर."

त्यानं मूर्ती घेतली. गिअरबॉक्स उचलून उचलून हातांना जो अंदाज आलेला असतो तो खोटं बोलत नाही. अडीच फुटांची शाडूची मूर्ती दोन माणसांना घाम फोडते. ही पाण्याच्या बादलीएवढीही जड नव्हती. त्यानं बोटाच्या पेरानं पाटाजवळ टकटक केलं. पोकळ आवाज आला.

कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, काय करताय?"

देवरामनं मूर्ती झाकणावर नीट ठेवली, एका हातानं सावरली आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.  फोन वर आले. त्यानं मूर्तीच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, बोटभर खरवडलं. चकचकीत रंगाची साल निघाली. आत पांढरंफेक.

"हे प्लास्टर आहे."

"ओ काका, बाप्पाला स्क्रूड्रायव्हर लावता?" यशोधनचा आवाज चढला. "आर यू सीरियस?"

"उत्तरपूजा हॉलमध्ये झाली ना?"

"हो, पण..."

"मग देव गेला. हे राहिलंय ते प्लास्टर आणि ऑइल पेंट. तुम्हाला माहीत होतं?"

 यशोधननं बायकोकडं, ऋजुताकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. माहीत होतं, दोघांनाही.

"शाडूची वेळेवर मिळाली नाही," यशोधन हळू बोलू लागला, ऑफिसात चिडलेल्या क्लायंटशी बोलावं तसा. "बघा, आज फक्त सोडू. उद्या मी स्वतः येऊन काढतो. पेंट काय, खाली बसेल. इट्स वन डे, काका. भाजी टेस्कोत मिळते, मी आणून देतो."

"तुमच्या घरी बाथटब आहे ना?"

"बाथटबमध्ये? बाप्पाला?"

"माझ्या भाजीत चालतो की."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मागून एक पुटपुट आली, "सांगितलं होतं, यांच्याकडं नको." ती सगळ्यांनी ऐकली, आणि सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. सुशिक्षित माणसांना हे उत्तम जमतं.

ऋजुता पुढं झाली. देवरामला वगळून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथं यमुना उभी होती. कपाटाच्या तळातून काढलेली हिरवी पैठणी, नाकात नथ. हातात वाटी.

"काकू, तुम्ही तरी सांगा ना काकांना. एवढे सगळे तुमच्याकडं आलेत. पुढच्या वर्षी आपण पूजेलाच तुम्हा दोघांना बसवू. मी कमिटीत बोलते."

देवरामनं वळून पाहिलं नाही. पाठीनं ऐकत राहिला. तिनं "उघडा" म्हटलं असतं तर त्यानं उघडलं असतं. स्वतःशी कबूल केलं त्यानं. टाकी ओतून दिली असती, पुढच्या पावसाची वाट पाहिली असती, तोंडातून शब्द काढला नसता.

यमुनानं वेळ घेतला. एवढे लोक तिच्या उत्तरासाठी खोळंबलेत, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

"टाकी त्यांची आहे," ती म्हणाली. "आणि त्याच पाण्यावरचं ते जेवतात, मीही जेवते. नाही जमणार, ऋजुता."

ऋजुताचा चेहरा मिटला. मग सगळं फार पटकन झालं. यशोधननं मूर्ती उचलली. "चला. आपण बघू काहीतरी." माणसं अंगणातून, घराच्या बाजूच्या बोळातून, पैठण्या सावरत बाहेर पडू लागली. कुणी "येतो" म्हणालं नाही. एका झब्ब्यानं जाता जाता फोन देवरामच्या तोंडासमोर धरून फोटो काढला. गाड्यांची दारं एकामागून एक लागली.

यमुना अजून दारातच होती. एकदम तिनं हातातल्या वाटीकडं पाहिलं आणि चपला न घालता बोळातून पळत सुटली. देवराम तिच्यामागं गेला.

यशोधनची गाडी निघण्याच्या बेतात होती. मागच्या सीटवर गणपती, त्याला सीटबेल्ट आवळलेला. यमुनानं मागच्या काचेवर बोटानं वाजवलं. ऋजुतानं पुढून पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. यमुनानं पुन्हा वाजवलं.

काच अर्धी खाली आली.

"दही राहिलं," यमुना म्हणाली.

 तिनं वाटीतलं दही दोन बोटांनी घेतलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ते मूर्तीच्या उघड्या तळहातावर ठेवलं. "या परत," असं काहीतरी ओठांतल्या ओठांत म्हणाली. हात बाहेर घेतला. काच वर गेली. गाडी कोपऱ्यावर इंडिकेटर देऊन वळली.

ती अंगणात परत आली तेव्हा बोटांना दही तसंच होतं. पैठणीला पुसता येत नव्हतं. हात अंगापासून लांब धरून ती उभी राहिली.

देवरामनं झाकण उघडलं. टाकीशेजारचा डबा बुडवून भरला.

"इकडं ये. जरा पुढं."

"कुठं?"

"अळूपाशी."

ती वाकली. त्यानं बारीक धार धरली. ती दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहिली, दही निघून गेल्यावरही, आणि पाणी तिच्या बोटांवरून खाली मुळाशी जात राहिलं.