दोन किलोंची सूट

बसा हो पावणे, चहा येतोय. आरे-वारेला निघालात ना? मग वाटेत जानू भेटेल, त्याची गोष्ट ऐकूनच जा.

जानू तेव्हा भिकाजीशेठचा टेम्पो चालवायचा. बंदरावर मी मासळी भरायची, त्यानं ती देवरूखच्या दुकानात पोचवायची. वजन इथं भरताना व्हायचं, तिथं उतरताना परत व्हायचं. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून कधी कोणी बघितले नव्हते. मग शेठची सून आली, रुचिरा. पोर हुशार. तिनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. दोन वजनांत दोन किलोपर्यंत फरक असला तर ओळ हिरवी, त्याच्या वर गेला की लाल.

जानूच्या सगळ्या ओळी लाल. माल रोज कमी.

"कुठं उतरवतोस रे?" शेठनं विचारलं.

"शेठ, मासा वाटेत पाणी सोडतो."

"मासा सोडतो की तू सोडतोस? सासुरवाडीला?"

अख्खं बंदर हसलं. त्यानंतर जानू आला की माणसं आपापली टोपली जवळ ओढायची. मलाही वाटायला लागलं, ह्याची बायको सत्यवती मासळी विकते, तिच्या टोपलीत एवढं येतं कुठून?

आणि अचानक ओळी हिरव्या झाल्या. रोज हिरव्या. शेठचा संशय आणखीच वाढला. मला म्हणाला, "आता बेतानं चोरतोय. तू जा त्याच्याबरोबर."

गेलो. हातखंब्याच्या पुढं त्यानं गाडी बाजूला घेतली, सीटखालून पिशवी ओढली आणि मागं गेला. म्हटलं, सापडला! उतरून बघतो तर पिशवी भरलेली, आणि हा त्यातले बांगडे शेठच्या क्रेटात टाकतोय.

"अरे मेल्या, हे काय?"

"सत्यवतीच्या टोपलीतले. वाटेत घटतं तेवढं घालतो."

"घरचं? वेडबिड लागलं काय तुला?"

"लाल ओळीवर माझं नाव असतं रे. हिरवी झाली की वायच झोप लागते."

मी बघतोय म्हणून गडबडला आणि अख्खी पिशवी रिकामी केली. देवरूखला चार किलो जास्त भरले. ओळ लाल.

"जास्त?" शेठ ओरडला. "म्हणजे आता दुसऱ्याच्या बोटीतलं पळवलंस!"

मी सगळं सांगितलं. म्हणाला, "तू पण सामील."

रुचिरा हळूच म्हणाली, "बाबा, तो फॉर्म्युला कमी की जास्त ते बघत नाही. नुसता फरक बघतो."

"फरक आहे ना? झालं तर."

जानूनं किल्ली टेबलावर ठेवली. "कमी भरलं तरी चोर, जास्त भरलं तरी चोर. मी नेमकं बसायचं कुठं, शेठ?" एवढंच बोलला आणि निघाला.

नवा ड्रायव्हर ठेवला, त्याच्याही ओळी लाल. तेव्हा कुठं रुचिरानं सूट पाच किलोंची केली. जानूच्या जुन्या सगळ्या ओळी एका झटक्यात हिरव्या झाल्या. ती बिचारी स्वतः त्याच्या घरी सांगायला गेली. त्यानं चहा पाजला, चौकशी केली, पण बंदरावर पाय नाय टाकला परत.

आता नवराबायको आरे-वारेच्या रस्त्याला बसतात. काटा ठेवत नाय तो. वाटे लावतो, आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तरी वर दोन बांगडे टाकतो.

घ्या त्याच्याकडनं. फक्त माझं एवढं ऐका, "हे किती किलो भरतील रे?" असं त्याला विचारू नका.