अम्मीचा फोल्डर

माझ्या नवऱ्याला, खिजरला, समजावून सांगायची भारी हौस. लग्न करून बहरीनला आले तेव्हापासून मी त्याची विद्यार्थिनी. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, फोल्डर म्हणजे त्यातले कप्पे, मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, काम संपलं की पुसून मोकळा. ऐकून ऐकून कान किटले.

गेल्या वर्षी रत्नागिरीला अम्मी वारली. तिचे व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये होते. सांदणांची रीत सांगता सांगता मधेच खोकायची, शेजारणीला नावं ठेवायची, मग स्वतःच हसायची. फोन भरला म्हणून खिजरने ते सगळे त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये घेतले आणि फोनमधून पुसले. "आता सेफ," म्हणाला. मला ऐकावंसं वाटलं की तो लॅपटॉप पुढे सरकवायचा.

या महिन्यात त्याची मआमीर भागातल्या कंपनीतली नोकरी गेली. लॅपटॉप परत द्यायच्या सकाळी त्याने स्क्रीनवरचं 'अम्मी' लिहिलेलं चित्र पेनड्राइव्हमध्ये ओढलं. पापणी लवायच्या आत काम फत्ते.

"एवढ्यात झाला?" मी विचारलं.

"तुला काय समजतंय त्यातला?" तो हसला आणि टॅक्सी आली म्हणून निघाला.

परवा घरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, तर फोल्डर उघडेना. खिजरने चारदा खटपट केली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने नुसता शॉर्टकट आणला होता. लगेच कंपनीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "भाई, वो लॅपटॉप तो फॉरमॅट करके दूसरे को दे दिया. खलास."

आता तरी 'चुकलो' म्हणेल असं मला वाटलं. कसलं काय! खुर्ची ओढून बसला.

"हे बघ, शॉर्टकट म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठी खिशात घातली म्हणून घर खिशात येत नाही. आणि फॉरमॅट म्हणजे..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई दुसऱ्यांदा गेली होती आणि हा मला धडा शिकवत होता.

"समजला मला सगला," मी म्हटलं. "त्यातला एक तरी मेसेज ऐकलात काय तुमी कधी?"

तो पेनड्राइव्हचं टोपण काढत-घालत राहिला.

"तारखेप्रमाणे लावून ठेवले होते गो," तो म्हणाला.